एकच वस्तू न्यायची झाली तर

भाच्याने परवा प्रश्न टाकला. "आत्या, मंगळावर निघालीयेस. विज्ञानकथेतली एकच वस्तू न्यायची. आणि ती बुटांच्या खोक्यात मावली पाहिजे." खोक्याची अट नसती तर मी आख्खं यान मागेन, हे त्याला ठाऊक आहे.

त्याची स्वतःची निवड लेझरची तलवार. बंद डब्यात, पत्र्यापलीकडे निर्वात पोकळी असताना तलवार फिरवणाऱ्याशी काय वाद घालायचा!

माझा हात आधी रेप्लिकेटरकडे गेला, 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतलं वस्तू घडवणारं यंत्र. मागाल ते समोर हजर, म्हणजे द्रौपदीची थाळीच. पण मग हिशेबाला बसले. 200 ग्रॅमचा कपभर चहा शुद्ध ऊर्जेतून घडवायचा तर हिरोशिमावरच्या बॉम्बच्या अडीचशेहून जास्त पट ऊर्जा लागेल. एका चहाला! साठवलेल्या पदार्थाचीच मोडतोड करून वस्तू बनवायची म्हटलं तर त्याचं बाळबोध रूप आपल्याकडे आहेच. 2014 मध्ये पृथ्वीवरून फाइल पाठवून अंतराळ स्थानकातल्या थ्रीडी प्रिंटरवर पाना छापला होता. वाट पाहू, होईल.

शेवटी मी ट्रायकॉर्डर घेतला. 'स्टार ट्रेक'मधल्या डॉक्टरची ती डबी. रुग्णावरून फिरवली की आत काय बिघडलंय ते सांगते. भाचा म्हणाला, "बोअर." त्याचं पोट कधी दुखलेलं नाही.

माझं दुखलं होतं. दोन दिवस मी ॲसिडिटी समजून गोळ्या चघळत होते. फोनवर डॉक्टरांनाही तसंच वाटलं, कारण मीच तसं वर्णन केलं होतं. तिसऱ्या दिवशी सरळ उभं राहता येईना, तेव्हा सोनोग्राफी झाली आणि त्याच रात्री अपेंडिक्स काढलं. दवाखाना वीस मिनिटांवर होता म्हणून निभावलं. मंगळाच्या वाटेवर वीस मिनिटं नुसता प्रश्न पोचायलाच लागू शकतात, उत्तराची वीस वेगळी.

हे काही कल्पनेतलं भय नाही. अंतराळ स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली होती. 2020 मध्ये त्यावर लेख आला, नाव अर्थातच गुप्त. त्रास काहीच नव्हता. संशोधनासाठी अल्ट्रासाउंड चालू होतं, त्यात ती दिसली. मग पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी सल्ला दिला, वर होती तेवढी इंजेक्शनं पुरवून पुरवून वापरली आणि गोळ्या पुढच्या मालवाहू यानातून गेल्या. स्थानक फक्त 400 किलोमीटरवर आहे, म्हणून हे जमलं. मंगळाच्या अर्ध्या वाटेवर कुठलं मालवाहू यान येणार?

ट्रायकॉर्डर अगदीच स्वप्नातला राहिलेला नाही. खराखुरा बनवा म्हणून 2012 मध्ये एक कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर झाली. 2017 मध्ये पहिला क्रमांक एका अमेरिकन संघाला मिळाला, पण ती काही जादूची डबी नव्हती. टॅबलेटला जोडलेला सेन्सरांचा संच होता. मला मात्र कथेतलाच हवाय. अंगावरून फिरवला की झालं. मी माझ्या दुखण्याचं वर्णन करायला गेले की काय होतं ते वर सांगितलंच.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डबीने सांगितलं अपेंडिक्स. पुढे? कापणार कोण?"

मी त्याला लिओनिद रोगोझोव्हची गोष्ट सांगितली. 1961, अंटार्क्टिका, तळावर एकटाच डॉक्टर आणि अपेंडिक्स त्याचंच. त्याने भूल स्थानिक ठेवली, सहकाऱ्यांना आरसा धरायला लावला आणि स्वतःचं पोट स्वतः उघडलं. पुढे बरीच वर्षं जगला. गोष्ट रंगली, पण प्रश्न तिथेच राहिला.

"आणि आत्या," तो म्हणाला, "तुझं तर काढलेलंच आहे ना? मग तू रेप्लिकेटरच ने."