आमची वाटचाल : एका लॅपटॉपवरून सगळ्यांच्या बकेटमध्ये

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या छोट्या कंपनीकडे हळद आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांच्या सॉफ्टवेअरचे सर्व्हर सांभाळायला असतात. सगळी उभारणी टेराफॉर्मच्या, म्हणजे लिहिलेल्या वर्णनावरून सर्व्हर उभारणाऱ्या साधनाच्या, कोडमध्ये आहे. सुरुवातीला कोड गिटमध्ये (कोडचे बदल जपणाऱ्या सामायिक साठ्यात), पण स्टेट फाइल एकाच लॅपटॉपवर होती. काय हवं ते कोड सांगतो. काय उभं आहे त्याची वही म्हणजे स्टेट. ती ज्याच्याकडे नाही त्याचं टेराफॉर्म उभे असलेले सर्व्हर पुन्हा उभारायला निघतं. वही गिटमध्ये टाकणं तर अजिबात नको, कारण डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात उघडा असतो. सेन्सिटिव्ह लिहिलं तरी तो फक्त स्क्रीनवर झाकला जातो.

म्हणून स्टेट एस-थ्रीच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड साठवणीच्या, मुंबई विभागातल्या बकेटमध्ये (फाइली ठेवायच्या कप्प्यात) नेली. बकेट आधी वेगळी बनवायची. व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपणं) चालू, एन्क्रिप्शन चालू, सार्वजनिक प्रवेश बंद. मग बॅकएंड ब्लॉक (स्टेट कुठे ठेवायची ते सांगणारा कोडचा भाग) लिहून इनिट या सुरुवातीच्या कमांडला मायग्रेट-स्टेट लावायचं, म्हणजे स्टेट तिकडे हलते. टेराफॉर्मच्या या ब्लॉकमध्ये व्हेरिएबल चालत नाहीत, त्यामुळे प्रत्येक ग्राहकाची की (बकेटमधलं स्टेट फाइलचं नाव) थेट लिहावी लागते किंवा इनिटला बॅकएंड-कॉन्फिगने द्यावी लागते. चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांच्या की वेगळ्याच ठेवा. एकाच फाइलमध्ये सगळं कोंबलं की एका चुकीचा फटका सगळ्यांना बसतो.

खरा प्रश्न कुलपाचा. दोघांनी एकदम अप्लाय केलं, म्हणजे कोडमधले बदल प्रत्यक्ष लागू केले, तर वही बिघडते. पूर्वी एका वेळी एकालाच काम करू देणाऱ्या कुलपासाठी डायनॅमोडीबी या ॲमेझॉनच्या डेटाबेसचं टेबल लागायचं. २०२४ मध्ये आलेल्या टेराफॉर्मच्या १.१० आवृत्तीपासून यूज-लॉकफाइल ट्रू लिहिलं की बकेटमध्येच कुलपाची फाइल बनते. मात्र ती फाइल पुसण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर काम संपूनही कुलूप तसंच राहतं. कुलूप दिसताच टेराफॉर्म लगेच थांबतं. लॉक-टाइमआउट पाच मिनिटं दिलं तर तेवढं वाट बघतं.

अप्लाय चालू असताना वीज गेली तरी कुलूप अडकतं. आमच्याकडे हे होणारच. फोर्स-अनलॉक, म्हणजे जबरदस्तीने कुलूप उघडणं, करण्याआधी त्रुटीत दिसणारं नाव आणि वेळ वाचा, त्या माणसाला फोन करा, मगच आयडी देऊन उघडा. त्यानंतर प्लॅन (टेराफॉर्म काय बदलणार याची यादी) पाहा. आधीच तयार झालेला सर्व्हर नव्याने बनवायचा म्हणत असेल, तर तो इम्पोर्टने वहीत घ्या. वही खराब झाली असेल, तर व्हर्जनिंगमुळे मागची प्रत मिळते.

प्रोव्हायडरची (टेराफॉर्मला क्लाउडशी जोडणाऱ्या प्लगइनची) लॉक फाइल वेगळी, तिचा या कुलपाशी संबंध नाही; तिच्यात प्लगइनची आवृत्ती नोंदलेली असते. ती मात्र गिटमध्ये हवीच. विंडोज लॅपटॉपवर बनवलेली फाइल लिनक्स सर्व्हरवर चेकसम (फाइल तीच आहे हे तपासायचा आकडा) जुळत नाही म्हणून अडते. प्रोव्हायडर्स लॉक कमांडला दोन्ही प्लॅटफॉर्म द्या.

आता लॅपटॉपवरून अप्लाय बंद आहे. पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल स्वीकारण्याच्या विनंतीवर) प्लॅन निघतो, दुसरा माणूस वाचतो, आणि जतन केलेला तोच प्लॅन सर्व्हरवरून लागू होतो. रोज सकाळी डिटेल्ड-एक्झिटकोड लावून प्लॅन चालतो. उत्तर शून्य म्हणजे फरक नाही, एक म्हणजे त्रुटी, दोन म्हणजे कोडमध्ये आणि प्रत्यक्षात फरक. दोन आलं तर ॲमेझॉनच्या वेब कन्सोलमध्ये हाताने कोणी काय बदललं ते आधी विचारतो, कारण घाईत केलेलं अप्लाय तो बदल पुसून टाकतं.