सायबाची होडी आलीच नाही

आमच्या शेजारचे काका माळकरी, दरवर्षी आषाढीला पंढरपूर. त्यामुळे नोव्हेंबर संपत आला की तेच आधी विचारतात, "काय गो, तुमची वारी कधी निघतली?" आम्ही पदयात्रा म्हणतो, पण मला वारीच आवडतं. सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चकडून निघायचं आणि जुनं गोवा गाठायचं, साधारण ७० किमी, दोन दिवस, म्हणजे ३ डिसेंबरला सायबाच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, हजर. सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, गोंयचो सायब.

यंदा माझी सातवी वारी आणि खरं सांगायचं तर यंदा जायचंच नव्हतं.

कारण धाकटा भाऊ. दारू. आमच्याकडे हे फार फोड करून सांगावं लागत नाही, प्रत्येक वाड्यात एक तरी घर असतं. दोन वर्षं मी त्याच्यामागे होते, आधी तीन महिने व्यसनमुक्ती सेंटरमध्ये ठेवला, मग दर शनिवारी स्कूटरवर मागे बसवून एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या, मीटिंगला, बाहेर पायरीवर बसून तेर्स, म्हणजे रोझरीची प्रार्थना, करायचं आणि परत आणायचं. गेल्या वर्षीची वारी त्याच्यासाठी अनवाणी केली. अकरा महिने थेंब घेतला नाही त्याने! स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी रोज फुली मारायचे. आणि वारीच्या दहा दिवस आधी एका लग्नाच्या रोसला, म्हणजे आमच्यातल्या हळदीला, गेला तो रात्री दोघांनी धरून आणला. दुसऱ्या दिवशी मी ते कॅलेंडर पाणी तापवायच्या बंबात घातलं.

लोक म्हणाले देवाचा काहीतरी प्लॅन असेल. चांगल्या मनाने म्हणतात, पण त्या आठवड्यात हे वाक्य ऐकलं की मला भांडी आपटावीशी वाटायची.

मम्मी म्हणाली नाव दिलंयस तर जा. गेले.

पहाटे चारला निघालो, बांद्याला चहा, पत्रादेवीला गोवा लागलं तोवर ऊन चढलेलं. हायवे रुंद झाल्यापासून सावली राहिली नाही आणि ट्रक इतके जवळून जातात की ओढणी उडते. सगळे तेर्स म्हणत होते, मी ओठ हलवत होते. धारगळच्या आसपास टाचेला फोड आला, एका मावशीने सुईत दोरा ओवून आरपार घातला आणि दोरा तसाच ठेवला, पाणी झिरपून जातं म्हणे. खरंच जातं. ज्यांना चालायचंय त्यांनी लक्षात ठेवा.

रात्री कोलवाळला मुक्काम. बादलीत मीठ घालून पाय सोडून बसलो होतो, तेव्हा आमच्याबरोबरच्या एका निवृत्त मास्तरांनी सायबाचे शेवटचे दिवस सांगितले. लहानपणापासून ऐकलेलं, पण नीट कधी ऐकलं नव्हतं.

जपानहून आल्यावर त्याला चीनला जायचं होतं. मित्राच्या जहाजातून पोर्तुगीज वकिलातीबरोबर जायचं ठरलेलं, तर मलाक्काच्या कॅप्टनने तो बेतच मोडला, आणि हा कॅप्टन कोण, तर वास्को द गामाचा मुलगा, म्हणजे पोर्तुगीजांच्याच माणसाने. तरी हा १५५२ च्या उन्हाळ्यानंतर सॅन्शियन बेटावर पोचला. तिथून चीनचा किनारा १४-१५ किमी. परदेशी माणसाला आत घेतलं तर शिक्षा, म्हणून कोणी न्यायला तयार नाही. शेवटी एक चिनी व्यापारी तयार झाला, मोबदल्यात काळी मिरी. आमच्या परसात वेलावर लटकते ती मिरी! दिवस ठरला. सायब वाट बघत राहिला. होडी आलीच नाही. मग ताप, आणि ३ डिसेंबरच्या पहाटे गेला, वय ४६, जवळ अंतोनियो नावाचा एक चिनी तरुण.

कोणीतरी लगेच म्हणालं, पण नंतर सायबासारखाच जेझुइट धर्मगुरू मात्तेओ रिच्ची गेलाच ना चीनमध्ये, आणि तो जन्मला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. हो, बरोबर, १५८३ मध्ये गेला. पण माझ्या डोक्यात एवढंच आलं की मरताना सायबाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच्या हातात काय होतं, तर न आलेली होडी. त्याला संत केलं ते काय होडी आली म्हणून नाही केलं.

दुसऱ्या दिवशी म्हापसा सोडल्यावर पाऊल अर्धं अर्धं पडत होतं आणि मला बायबलमधले एम्माऊस गावाकडे चाललेले दोघे शिष्य आठवायला लागले. येशू क्रुसावर गेला, सगळं संपलं म्हणून यरुशलेम सोडून निघालेले. वाटेत जो भेटतो त्याला म्हणतात, आम्हाला आशा होती की हाच तो सोडवणारा. होती. आणि तो उठलेला येशू त्यांना लगेच मी आहे असं सांगत नाही, आधी विचारतो, काय बोलताय चालता चालता? त्यांची पूर्ण रड ऐकून घेतो, मग थोडं झापतोही, पण उलट्या दिशेला चाललेल्या माणसांबरोबर संध्याकाळपर्यंत चालतो. पुनरुत्थान झालेलं आहे आणि त्यांना पत्ता नाही, तरी ते त्यांच्या शेजारून चालतंय. पर्वरीच्या धुळीत मी मोठ्याने म्हटलं, "मला आशा होती." मावशीने वळून बघितलं, मी म्हटलं काही नाही. त्यानंतर तेर्स म्हणता आला.

मांडवीचा पूल, रायबंदर, आणि काळोख पडल्यावर जुनं गोवा. प्लास्टर नसलेला बाँ जेझू चर्चचा लाल जांभा, बाहेर खाजं-चण्यांची दुकानं, गर्दी. सायबाचं शव असलेल्या चांदीच्या पेटीसमोर जेमतेम काही सेकंद मिळतात. नवस केला नाही. भावाचं नाव घेतलं आणि पुढे सरकले.

फेस्ताचं मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, करून संध्याकाळी बसने परत. स्टँडवर भाऊ स्कूटर घेऊन उभा, मी सांगितलं नव्हतं. तोंडाला वास होता, फार नाही, पण होता.

"बाय, बस, मी चलवतंय."

"चावी दी. आनि गप मागे बस."

बसला. माझी पिशवी मांडीवर घेतली, खाजं कुठल्या कप्प्यात आहे ते विचारलं. घाटी उतरताना मी म्हटलं, शनिवारी साडेपाचला निघायचं. त्याने तोंडातलं खाजं आधी संपवलं, मग हूं म्हणाला.