झाकण

दही लागलं की नाही हे बघायला सारखं झाकण उचलणारी आमच्या घरात मी एकटीच. आजी ओरडायची, ‘‘अगं, हलवू नकोस, पाणी सुटेल.’’ सुटायचंच. तीच मुलगी पुढे इंग्लंडातल्या यॉर्कशरमध्ये येऊन मधमाश्या पाळायला लागली. माश्यांचं नशीब, दुसरं काय!

परसात दोन पेट्या आहेत. ऑक्टोबरात झाकणं लावली की आत काय चाललंय ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग मार्चमध्ये एखाद्या दिवशी लख्ख ऊन पडतं, शेजारीपाजारी दोरीवर कपडे दिसायला लागतात आणि माझे हात शिवशिवतात. राणी जिवंत असेल ना? मध पुरला असेल ना? पोळ्याची एकच चौकट, एकच उचलून बघू का?

गेल्या वर्षी बघितली. पारा ११ अंशांवर होता, पण ऊन पडलं की थंडी गेली, ही माझी साताऱ्याकडची समजूत. आत माश्यांनी अंगाचे स्नायू थरथरवून, शिलकीतला मध जाळून, अळ्यांची जागा ३४-३५ अंशांवर राखलेली. मी ती चांगली दहा मिनिटं वाऱ्यावर टाकली. दोन-तीन दिवसांनी पेटीच्या तोंडाशी मेलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या. माश्या एकेक ओढून आणत होत्या आणि फळीवरून खाली ढकलत होत्या. मी तिथे फार वेळ उभी राहिले नाही.

नुकसान नेमकं याच दिवसांत परवडत नाही. आत आहेत त्या शरदातल्या म्हाताऱ्या. उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. या मात्र पाच-सहा महिने तग धरून बसलेल्या, पुढची पिढी हाताशी येण्याची वाट बघत. अंड्यातून माशी बाहेर पडायला २१ दिवस लागतात. वर खाणारी तोंडं वाढलेली आणि बाहेर फुलं मोजकी. माश्या भर थंडीत मरतात असं मला वाटायचं. उपासमार खरी होते ती थंडी सरताना.

म्हणून यंदा सगळी चौकशी बाहेरून. पेटी मागून बोटभर उचलून बघायची. हलकी लागली तर वरच्या भोकावर साखरेचा घट्ट गोळा ठेवायचा. दुपारी बादली उपडी घालून तोंडाशी बसायचं. माश्यांच्या पायांवर क्रोकसचे केशरी आणि विलोचे पिवळे परागगोळे दिसले की बरं वाटतं. पराग म्हणजे बाळांचं जेवण. आणताहेत त्या अर्थी आत कुणीतरी अंडी घालत असावं. मग कान लावून टकटक करायची. ‘हूं’ करून लगेच गप्प झाल्या तर ठीक. रडल्यासारखा सूर लांबत राहिला तर राणीची काळजी.

आमच्या इथले एक जुने मधपाळ आजोबा तारीख विचारली की हसतात. ‘‘करंट फुलला की उघड,’’ एवढंच. करंट म्हणजे शॉकवाला नव्हे. गुलाबी-लाल घोस येणारं कुंपणाचं झुडूप. आता येता-जाता शेजाऱ्यांच्या फाटकाशी थबकते. त्यांना वाटतं, मी त्यांच्या बागेच्या प्रेमात पडलेय.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल आला. ‘‘अजून उघडली नाहीस? इकडे महाबळेश्वरला जांभळी फुलायला लागल्या असतील!’’ तिला काय सांगणार? तिकडच्या सातेरी, म्हणजे आपल्या देशी मधमाश्यांची परीक्षा पावसाळ्यात असते. तेव्हा त्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. कुणाची पंचाईत आषाढात, कुणाची फाल्गुनात.

आज १३ अंश. करंटच्या कळ्यांना गुलाबी टोकं आलीत, फुललेली एकही नाही. पेटीपाशी गेले, कान लावला, टकटक केली. ‘हूं’ झालं, थांबलं. पेटी उघडायचं हत्यार खिशातच ठेवून घरात आले. रात्री ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून दही लावलं होतं. त्याचं झाकण मात्र उचललं.