तुम्ही विचारलंत म्हणून: वर हवा तापते, मग खाली थंडी का पडते?

मार्च २०१८ च्या सुरुवातीला माझ्या भाचीचा इंग्लंडहून, लीड्समधून फोन आला. बर्फामुळे दोन दिवस घराबाहेर पडता आले नव्हते, मुलांची शाळा बंद होती, आणि उत्तर ध्रुवावरच्या आकाशात हवा एकाएकी तापल्यामुळे ही थंडी आली आहे असे बातम्यांत पुन्हा पुन्हा सांगितले जात होते. "मावशी, हवा तापली म्हणून बर्फ पडतो, हे कसं काय?" असे तिने विचारले. त्यानंतर दरवर्षी जानेवारी आला की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच: शिकागोला किंवा टोरांटोला गेलेले जुने विद्यार्थी विचारतात, आणि निफाडचा पारा उतरल्याची बातमी वाचून इथले शेजारीही विचारतात. मी अलिबागला आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, तेव्हा उत्तर देणे माझे कामच आहे. पण फोनवर सांगताना अर्धे राहून जाते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आपण ज्या हवेत राहतो, जिच्यात ढग येतात आणि पाऊस पडतो, त्या थराला तपांबर म्हणतात. विषुववृत्ताजवळ तो सोळा-सतरा किलोमीटर उंचीपर्यंत असतो, तर ध्रुवाजवळ जेमतेम आठ-नऊ किलोमीटरपर्यंत. त्याच्या वर सुमारे ५० किलोमीटरपर्यंत स्थितांबर पसरलेले आहे. स्थितांबरात ओझोन असतो, तो सूर्याची अतिनील किरणे शोषतो आणि त्यामुळे तिथली हवा तापते. पण उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. तापवणारे काही उरत नाही, हवा उष्णता बाहेर टाकत राहते आणि तिचे तापमान उणे ८० अंश सेल्सिअसपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. या थंडगार हवेभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रचंड वेगवान वाऱ्यांचे कडे तयार होते. हाच ध्रुवीय भोवरा. दर शरद ऋतूत तो तयार होतो आणि वसंतात सूर्य परतला की विरून जातो. सूर्य परतण्यापूर्वी, भर अंधारात, त्याच हवेचे तापमान चार-पाच दिवसांत ४० किंवा ५० अंशांनी वाढते, तेव्हा त्या घटनेला स्थितांबराचे अकस्मात तापणे म्हणतात.

ही घटना प्रथम बर्लिनमध्ये लक्षात आली. १९५२ च्या हिवाळ्याच्या उत्तरार्धात बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीतील हवामानशास्त्रज्ञ रिखार्ड शेरहाग फुग्यांनी पाठवलेली तापमाने तपासत होते, आणि तीस किलोमीटरच्या आसपासची हवा दोनच दिवसांत कमालीची तापल्याचे त्यांना दिसले. स्फोट व्हावा तसे तापणे, असे वर्णन त्यांनी केले. पुढे बरीच वर्षे या घटनेला 'बर्लिनची घटना' अशाच अर्थाच्या नावाने ओळखले जात असे. सुरुवातीला संशय सूर्यावरच गेला, आणि तो साहजिक होता, कारण वरची हवा तापली तर तापवणारे वरच कुठेतरी असणार असे कोणालाही वाटेल. मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, की कारण वर नव्हतेच. ते खाली जमिनीवर होते. हिमालय आणि तिबेटचे पठार, रॉकी पर्वत, खंडांची थंड जमीन आणि शेजारचे उबदार समुद्र यांनी ते घडवले होते.

नदीच्या प्रवाहात मोठा खडक असला की पाणी त्याच्यापुढे वळसे घेत जाते. पर्वतांवरून जाणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचेही तसेच होते. हे वळसे हजारो किलोमीटर लांबीचे असतात, इतके की सबंध पृथ्वीभोवती त्यांतले एक किंवा दोनच मावतात. त्यांना ग्रहीय लहरी म्हणतात. ज्यूल चार्नी आणि फिलिप ड्रेझिन यांनी १९६१ मध्ये गणिताने दाखवले की या लहरी स्थितांबरात चढू शकतात. मात्र वरचे वारे पश्चिमेकडून वाहत असतील आणि फार वेगवान नसतील तरच, आणि त्यांतही फक्त सर्वांत लांब लहरींनाच ही वाट मोकळी असते. उन्हाळ्यात स्थितांबरातले वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे वाट बंद होते. म्हणूनच ही घटना हिवाळ्यातच घडते.

वर जाताना हवा विरळ होत जाते आणि लहर मोठी होत जाते. शेवटी किनाऱ्यावर लाट फुटावी तशी ती वर फुटते आणि भोवऱ्याच्या वाऱ्याला मागे ओढते, त्याचा वेग कमी करते. भोवरा गोल टिकून असतो तो दोन बलांच्या तोलामुळे: बाहेरच्या जास्त दाबाची हवा आत ढकलत असते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वेगवान वारा बाहेर रेटला जात असतो. वारा मंदावला की बाहेरचा रेटा कमी पडतो, तोल बिघडतो आणि हवा ध्रुवाकडे सरकू लागते. तिथे जमा होणाऱ्या हवेला जायला एकच दिशा असते, ती म्हणजे खाली. खाली येणारी हवा दाबली जाते, आणि दाबलेली हवा तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तळ गरम लागते, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या घटनेचे मर्म कळलेच म्हणायचे. दर किलोमीटर उतरणीमागे तापमान जवळजवळ दहा अंशांनी चढते. हवा चार-पाच किलोमीटर खाली खचली की ४०-५० अंशांचा हिशेब जुळतो. म्हणजे तापणे हे या घटनेचे कारण नव्हे, ती तिची खूण आहे. मुळात मोडलेला असतो तो वारा. १९७१ मध्ये जपानचे तारो मात्सुनो यांनी गणिती प्रारूपात खालून लहर सोडली आणि भोवरा मोडून हवा तापलेली दाखवली, तेव्हापासून हे स्पष्टीकरण पक्के झाले. आज शास्त्रज्ञ मोठी घटना ठरवतात तीही वाऱ्यावरूनच: साठ अंश उत्तर अक्षवृत्तावर, १० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे सुमारे तीस किलोमीटर उंचीवर, सरासरी वारा उलटा होऊन पूर्वेकडून वाहू लागला की ती मोठी घटना. दहा वर्षांत अशा साधारण सहा घटना होतात, पण त्या नियमाने येत नाहीत. १९८९ च्या फेब्रुवारीनंतर १९९८ च्या डिसेंबरपर्यंत, जवळजवळ दहा वर्षे, एकही झाली नव्हती.

आता भाचीचा प्रश्न. वारा उलटला की लहरींना वर जाण्याची वाट बंद होते, कारण त्या पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यात शिरू शकत नाहीत. मग त्या पहिल्यापेक्षा खाली फुटतात आणि तिथला वारा मंदावतात. पुढच्या लहरी त्याहूनही खाली फुटतात. बिघाड असा पायरी-पायरीने दहा-पंधरा दिवसांत स्थितांबराच्या तळाशी येतो. तळाची हवा पुन्हा पूर्वस्थितीत यायला फार वेळ घेते, त्यामुळे तिथे आलेला बिघाड दोन-दोन महिने रेंगाळतो. मार्क बाल्डविन आणि टिमथी डंकर्टन यांनी २००१ मध्ये हा वरून खाली येणारा परिणाम नोंदींतून स्पष्ट दाखवला. खालचा वेगवान पश्चिमी वारा दक्षिणेकडे सरकतो, आणि अटलांटिकवरून युरोपात येणारी दमट, उबदार हवा आपली नेहमीची वाट सोडते. उत्तर युरोपासाठी ती हवा म्हणजे शेकोटीच आहे. ती दूर झाली की रशियाकडची थंड हवा मोकळेपणाने पश्चिमेकडे येते.

२०१८ मध्ये नेमके हेच झाले. १२ फेब्रुवारीला भोवऱ्याचे दोन तुकडे झाले आणि वारे उलटले. दोन आठवड्यांनी पूर्वेकडून आलेल्या थंड वाऱ्याने ब्रिटन गोठवला आणि २६ फेब्रुवारीला रोममध्येही बर्फ पडला. त्याच सुमारास ग्रीनलंडच्या उत्तर टोकावर मात्र, जिथे सूर्य अजून उगवलाही नव्हता, तापमान शून्याच्या वर गेले होते. दुष्काळाने त्रासलेल्या स्पेन-पोर्तुगालवर मार्चमध्ये भरपूर पाऊस झाला. म्हणून मी भाचीला म्हटले की वरच्या हवेने थंडी निर्माण केली नाही. असलेली थंडी आणि ऊब यांच्या जागा बदलल्या, आणि तुझे घर थंडीच्या नव्या वाटेवर आले.

पण एवढेच सांगून थांबले तर चुकीची समजूत पक्की होईल. प्रत्येक घटनेचा परिणाम जमिनीपर्यंत पोहोचत नाही. साधारण तीनांपैकी दोन वेळा तो स्पष्ट दिसतो. १६ जानेवारी २०२४ रोजी वारे उलटले, तेव्हा भाचीने घाबरून जाडजूड पांघरुणे विकत घेतली. त्या वर्षीचा फेब्रुवारी इंग्लंड-वेल्समधला तोवरच्या नोंदींतला सर्वांत उबदार फेब्रुवारी ठरला. ४ मार्चला वारे पुन्हा उलटले, तरीही २०१८ सारखे काही झाले नाही. वारे उलटण्याचा अंदाज एक ते दोन आठवडे आधी देता येतो, पण तो अंदाज म्हणजे थंडीचा इशारा नव्हे. तो वाढलेल्या शक्यतेचा इशारा आहे. बातम्यांत हा फरक राखला जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण एकदा फसलेला माणूस पुढच्या खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. आणि निफाडच्या किंवा पुण्याच्या थंडीला थेट ध्रुवीय भोवऱ्याचे नाव देणे तर मुळीच योग्य नाही; पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून पुढे सरकल्यावर त्यांच्या मागोमाग येणारे कोरडे उत्तरी वारे आपल्याकडे थंडी आणतात, आणि निरभ्र रात्री ती वाढवतात.

दक्षिण ध्रुवाभोवती पर्वतही कमी आणि खंडही कमी, त्यामुळे तिथल्या लहरी दुबळ्या आणि भोवरा भक्कम. तिथे मोठी घटना आजवर एकदाच नोंदली गेली आहे, सप्टेंबर २००२ मध्ये. तेव्हा अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्रच दोन तुकड्यांत विभागले गेले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये वारे उलटले नाहीत, तरी हवा इतकी तापली की त्या वर्षीचे ओझोनचे छिद्र अनेक दशकांतले सर्वांत लहान ठरले. मात्र त्याच दुबळ्या भोवऱ्याने पूर्व ऑस्ट्रेलियाच्या उष्ण, कोरड्या हवेत भर घातली, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यातले वणवे सर्वांना आठवत असतील.

मग आपल्या आकाशात काहीच होत नाही का, असे विचारणारे थोडेच असतात, पण मला सांगायला सर्वांत आवडते ते हेच. ध्रुवावर हवा खाली खचते तेव्हा उष्ण कटिबंधात ती वर उचलली जाते आणि थंड होते. निम्बस-३ या उपग्रहाच्या निरीक्षणांतून हे १९७० मध्येच लक्षात आले होते. त्याहून वर, सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, चुंबकीय विषुववृत्तालगत (म्हणजे जिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीला समांतर असतात तिथे) दिवसा विजेचा एक अरुंद प्रवाह वाहतो. त्याला इलेक्ट्रोजेट म्हणतात, आणि भारतात तो तिरुनेलवेलीच्या जवळून जातो. या प्रवाहामुळे जमिनीवरच्या चुंबकसूचीवर जो परिणाम होतो तो तिरुनेलवेलीच्या वेधशाळेत मोजतात, आणि त्यातून प्रवाहापासून दूर असलेल्या ठिकाणचे मोजमाप वजा करतात. ते दुसरे ठिकाण म्हणजे अलिबाग. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे १९०४ मध्ये इथे हलवण्यात आली. माझे विद्यार्थी वर्षानुवर्षे त्या वेधशाळेच्या कुंपणाजवळून शाळेत ये-जा करत आले आहेत.

जानेवारी २००९ मध्ये भोवऱ्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा सूर्य अतिशय शांत होता आणि त्यामुळे दुसऱ्या कशावर संशय घेण्याचे कारण नव्हते. पेरूमधील हिकामार्का येथील रडारवर दिसले की विषुववृत्तावरचे आयनांबर, म्हणजे विद्युतभारित कणांचा उंचावरचा थर, सकाळी नेहमीपेक्षा जास्त वर उचलले जात आहे आणि दुपारी खाली ढकलले जात आहे. अशा दिवसांत इलेक्ट्रोजेटही सकाळी जोरात वाहतो आणि दुपारी कित्येकदा उलटा वाहू लागतो. हा सकाळ-दुपारचा फेर रोज थोडा उशिरा, साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत जातो. समुद्रकिनारी राहणाऱ्याला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही, तो भरती-ओहोटीचा आहे. चंद्र समुद्राला खेचतो तसा हवेलाही खेचतो. एरवी हवेतली ही भरती इतकी क्षीण असते की सूर्याने घडवलेल्या चढउतारांत ती दबून जाते. ध्रुवीय भोवरा मोडला की वातावरणातले वारे अशा रीतीने बदलतात की त्याचा स्वाभाविक झोका चंद्राच्या १२ तास २५ मिनिटांच्या लयीशी जवळजवळ जुळतो, आणि मग योग्य क्षणी ढकललेल्या झोपाळ्यासारखी ही भरती मोठी होते.

भाची गेल्या डिसेंबरात घरी आली होती. ओहोटीची वेळ पाहून आम्ही अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे ठरले, तेव्हा तिने कोणालाही न विचारता निघण्याची वेळ ५० मिनिटांनी पुढे ढकलली. किल्ल्याच्या दारात उभी राहून तिने मला विचारले की कालची ही वेळ तुमच्या त्या वेधशाळेच्या कागदावरही अशीच सरकलेली दिसते का. मी म्हटले, ज्या जानेवारीत ध्रुवावर वारे उलटतात, त्या जानेवारीत तिरुनेलवेलीच्या आकड्यांतून अलिबागचे आकडे वजा केले की दिसते.