तीन गाड्या आणि ९९.४

कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी शिफ्ट केमिस्ट आहे. जानेवारी २०२३ मधली गोष्ट. गाळप ऐन भरात होतं. सकाळी चार्ज घेतला तेव्हा गेटवर इथेनॉलचे तीन टँकर भरायला उभे. रात्रपाळीच्या वहीत इथेनॉलचं प्रमाण दोनपर्यंत ९९.७ टक्के लिहिलेलं, चारला ९९.६. सहाचा नमुना मी स्वतः लावला. ९९.४. पुन्हा लावला, तेच.

पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल किमान ९९.६ टक्के असावं लागतं. साध्या ऊर्ध्वपातनाने स्पिरिट ९५-९६ टक्क्यांवर अडकतं. उरलेलं पाणी उकळून सुटत नाही. ते काढतात सिव्हचे, म्हणजे रेणूंच्या चाळणीचे, मणी. त्यांची छिद्रं इतकी बारीक, की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलचा बाहेरच राहतो. मण्यांच्या दोन टाक्या आळीपाळीने चालतात. एक पाणी शोषते, तोवर दुसरीतलं पाणी व्हॅक्यूमने ओढून काढायचं.

मी भरणं थांबवलं. "पॉइंट दोनचाच तर फरक, डेपोत सगळं मिसळतंच," असंही कुणी म्हणालं. ड्रायव्हरमामा आत आले. "साहेब, एवढ्यासाठी गाडी थांबवताय व्हय?"

मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं. मोजपात्रात पेट्रोल घेतलं, त्यात चांगलं इथेनॉल ओतलं. दोन्ही एकजीव, काचेसारखं स्वच्छ. मग ड्रॉपरने पाणी सोडत गेलो. पहिले थेंब कुठे गेले कळलंही नाही. आणखी काही सोडल्यावर सगळं दुधासारखं गढुळलं, आणि बघता बघता तळाशी वेगळा थर बसला. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याकडे गेलं होतं. मामा वाकून बघत राहिले. ०.२ टक्क्याने लगेच असं होत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. पण पुढे डेपोच्या टाकीत, पंपावर जमिनीखालच्या टाकीत थोडं थोडं पाणी भेटायचंच. ते पाणी सोसायची पेट्रोलमधली जागा आपणच आधी भरून टाकली, तर एखाद्याची मोटारसायकल भर रस्त्यात बंद पडेल, आणि तो माणूस इथेनॉललाच नावं ठेवेल.

मला हे फार लागतं. आपला देश कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. २०१४ च्या सुमारास पेट्रोलमधलं इथेनॉल दीड टक्का होतं आणि आम्ही २० टक्क्यांकडे निघालो होतो. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे लिटरला लिटर तेल वाचत नाही. थेट रसापासून केलं तर टनभर उसाचं साधारण ७० लिटर निघतं. त्या उसाला किती पाणी पाजलंय हे मी माझ्या घरच्या शेतात बघतो. म्हणून तर त्यातला थेंबही बाद जाऊ नये.

बिघाड शोधला फिटर अण्णांनी. व्हॅक्यूमचा काटा पोचायला हवा तिथे पोचत नव्हता, पण पंप ठणठणीत होता. अण्णांनी माझ्या वहीतलं कोरं पान फाडलं आणि त्याची पट्टी एकेका फ्लँजभोवती, म्हणजे पाइपांच्या जोडाभोवती, फिरवत गेले. चौथ्या जोडावर कागद आपोआप आत ओढला जाऊन चिकटला. गॅस्केट बोटभर चिरली होती. तिथून हवा आत जायची, मणी नीट सुकायचे नाहीत आणि ओलेच पुन्हा कामाला लागायचे.

सिव्ह बंद केला, गॅस्केट बदलली. उत्पादन शुल्कच्या निरीक्षकांची परवानगी घेऊन रिसीव्हर टाकीतला कमी प्रतीचा माल परत सुरुवातीला, फीडला घेतला. दुपारी साडेतीनला ९९.५. जेवणाचा डबा तसाच राहिला. साडेपाचला ९९.७ आलं, तरी मी आणखी दोन नमुन्यांची वाट पाहिली.

रात्री नऊला तिसऱ्या टँकरला सील लागलं. मामांनी केबिनमधून मान बाहेर काढली.

"साहेब, आकडा किती?"

"९९.७."

त्यांनी तो बिल्टीच्या मागे पेनाने लिहून घेतला आणि गाडी गेटबाहेर काढली.