मॅसी हॉल लॉग, महिना चौथा: तारा सैल, हात ताठ

नमस्कार मंडळी, मागच्या महिन्यात लॉग टाकला नाही कारण टाकण्यासारखं काही नव्हतंच, रोज तेच वाजवायचो आणि रोज तितकंच वाईट. या महिन्यात मात्र जरा हललंय म्हणून लिहायला बसलो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: कॅनडाचा गायक-गिटारवाला नील यंग, त्याचा 'लाइव्ह ॲट मॅसी हॉल १९७१' हा (टोरांटोच्या मॅसी हॉलमधल्या कार्यक्रमाचा) अल्बम एकट्याने, एका गिटारवर, शक्य तितका जसाच्या तसा वाजवायचा असा पण केलाय मी. एकूण १७ ट्रॅक, त्यातले पियानोवरचे बाजूला काढले की बाराएक उरतात. त्यातले पाच आता न थांबता वाजतात, तीन लंगडत लंगडत, बाकीच्यांना अजून हात लावलेला नाही. 'हार्ट ऑफ गोल्ड' कुठाय असं विचारू नका, ते इथे पियानोवर आहे, 'अ मॅन नीड्स अ मेड'ला जोडून. गिटार आणि माउथ ऑर्गनवालं जे आपण सगळे ऐकतो ते यानंतर फेब्रुवारीत नॅशव्हिलला रेकॉर्ड झालं आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत नंबर वन गेलं. मॅसी हॉलमधल्या पब्लिकला ते गाणं काय होणारे याचा पत्ताच नाही, ते आपले शांतपणे ऐकतायत, मला तर ते ऐकताना दरवेळी मजा वाटते.

हा अल्बमच का, असं एकाने मागे विचारलं होतं. तर १९ जानेवारी १९७१, टोरांटो, म्हणजे त्याचं जन्मगाव, वय २५, आणि पाठ इतकी बिघडलेली की इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून फार वेळ उभंच राहता येत नव्हतं (त्याच वर्षी पुढे ऑपरेशन झालं). मग बसून, ॲकॉस्टिक घेऊन, एकटा. त्याचा प्रोड्युसर डेव्हिड ब्रिग्ज मागे लागला होता की हेच रेकॉर्ड बाहेर काढ, पण याच्या डोक्यात पुढचा अल्बम 'हार्वेस्ट' शिरलेला, याने ऐकलंच नाही आणि टेप गेली कपाटात ती थेट २००७ला बाहेर आली. तोवर हा साठी ओलांडलेला आणि ब्रिग्ज जाऊन अकरा वर्षं झालेली. नंतर ऐकल्यावर यंगला पटलं म्हणे ब्रिग्जचं, पण आता पटून काय उपयोग. तर एका मुरलेल्या म्हाताऱ्याने स्वतःच्याच पंचविशीतला कार्यक्रम आपल्या हातात ठेवलाय, आणि त्यात लपायला बँड नाही. जे काय आहे ते उजव्या हातात आहे. हे शेवटचं वाक्य मला चार महिन्यांनी कळलं, म्हणून हा लॉग.

आता 'काउगर्ल इन द सँड'. १९६९च्या मूळ अल्बमवर हे दहा मिनिटांचं आहे, त्यात क्रेझी हॉर्स बँड आणि मधे लांबच्या लांब सोलो. मॅसी हॉलला तेच गाणं चार मिनिटांच्या आत संपतं. मी काय केलं, कॉर्ड बघितल्या, कडव्याला ए मायनर आणि एफ, पुढे सी, ई मायनर, एफ, जी, म्हटलं यात काय आहे, दोन दिवसांत होईल. झालं पण. दोन दिवसांत सगळ्या कॉर्ड बरोबर आणि गाणं मेलेलं. फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर असं वाटलं की कुणीतरी चुलीत घालायला लाकडं फोडतंय. तीन आठवडे मी डाव्या हाताला शिव्या देत बसलो, एफ नीट लागत नाही वगैरे, आणि दोष होता उजव्याचा.

झालं असं की एका रात्री मॅसी हॉलचा ट्रॅक अर्ध्या स्पीडला लावून नुसता उजवा हात ऐकायचा असं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं की यंग सहा तारा एकदम जवळजवळ कधीच मारत नाही. आधी खर्जाची एक तार, मग वरच्या तीन, कधी दोनच, आणि मधेमधे हाताचा तळवा तारांवर पडून एक 'थप्' येतो, तो ढोलकीचं काम करतो. मी मात्र वरपासून खालपर्यंत झाडू मारल्यासारखा हात फिरवत होतो. मग आठवडाभर डाव्या हाताने काहीच धरायचं नाही, तारा नुसत्या बोटांनी दाबून मुक्या करायच्या आणि उजव्याने फक्त ठेका, मेट्रोनोम ६०वर, खर्ज-थप्-वर-थप्. घरच्यांना वाटलं याचं काहीतरी बिनसलंय. आठव्या दिवशी कॉर्ड परत धरल्या आणि पहिल्यांदा ते गाणं चाललं, म्हणजे अक्षरशः चालायला लागलं, मी नुसता मागे मागे. पिक पण बदलला, जाड होता तो टाकून पातळ घेतला, जाड पिक खर्जाला बरा पण वरच्या तारांवर खणखण फार करतो.

तीच युक्ती 'डाउन बाय द रिव्हर'ला लावली, दीड दिवसात उभं राहिलं. ही दोन्ही आणि 'सिनॅमन गर्ल' त्याने एकाच दिवशी १०३ ताप असताना लिहिली. मला १०३ ताप आला की मी फक्त पांघरूण ओढतो, असो.

आता रडगाणं. 'डोन्ट लेट इट ब्रिंग यू डाउन'. यात ट्युनिंग डबल ड्रॉप डी, म्हणजे दोन्ही ई तारा डीला उतरवायच्या, आणि मग अख्खी गिटार अजून एक सूर खाली, म्हणजे जाड तारेकडून धरलं तर सी-जी-सी-एफ-ए-सी. सहावी तार ई वरून सी वर आली की तिचा ताण एक तृतीयांशाहून जास्त कमी होतो, मी हिशोब केला तर जवळपास ३७ टक्के निघाला. तार नुसती लोंबते. तंबोऱ्यावर जवारी लावायला लोक जीव टाकतात, आणि माझ्या गिटारला ती फुकटात लागली, प्रत्येक फ्रेटवर झ्झ्झ. शिवाय जरा जोरात मारलं की सूर आधी वर उडतो आणि मग खाली बसतो, त्यामुळे सगळंच बेसूर. आणि या गाण्याचा सगळा जीव त्या खर्जाच्या उतरत्या चालीतच आहे, तिथेच घरघर.

तारांचा बाराचा सेट (हा आकडा म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजारांशात) काढून तेराचा लावला, म्हणजे सहावी तार ५३ ऐवजी ५६. घरघर बऱ्यापैकी गेली, पण आता नॉर्मल ट्युनिंगला परत आणलं की बोटांची सालं निघतात. एकदा घाईत वर चढवताना पहिली तार टाणकन तुटली आणि मनगटावर असा वळ आला की दोन दिवस लोकांना मांजराचं नाव सांगत होतो, आमच्याकडे मांजर नाहीये. आता जुनी गिटार कायम खालच्या ट्युनिंगला ठेवलीये आणि चांगली नॉर्मलला. हे आधीच करायला हवं होतं. 'ओहायो'साठी त्याच जुन्या गिटारला दुसऱ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावला की साधं डबल ड्रॉप डी मिळतं, हा शोध अपघाताने लागला आणि मी स्वतःवर भयंकर खूश आहे. 'ओहायो' तसं लवकर बसलं पण नुसत्या गिटारवर ते वाजवताना जरा अंगावर येतं, ते गाणं ज्यावर आहे तो केंट स्टेट विद्यापीठातला गोळीबार, चार विद्यार्थी मारले गेले तो, मे १९७० मधला, हा कार्यक्रम जेमतेम आठ महिन्यांनी.

शेवटचं, 'द नीडल अँड द डॅमेज डन'. हेरॉइनच्या नशेवरचं दोन मिनिटांचं गाणं, आणि मी पूर्ण महिनाभर त्याच्या पहिल्या चार कॉर्डवर. डी धरायचा, मग पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात सी, दुसऱ्यात बी, पहिल्यात बी फ्लॅट, खर्ज एक एक पायरी उतरतो आणि वरच्या तारा वाजत राहायला हव्यात. कागदावर सोपं. माझं बोट तिसऱ्या घरातून दुसऱ्यात येताना शेजारच्या तारेला चाटतं आणि ती गप्प होते. गुरुवारी सलग चार वेळा बरोबर आलं, शुक्रवारी एकदाही नाही.

आपल्याला 'हार्वेस्ट'वर जे ऐकू येतं ते पण लाइव्हच आहे, यूसीएलएच्या रॉइस हॉलमधलं, ३० जानेवारीचं, म्हणजे मॅसी हॉलनंतर अकराच दिवसांनी. दोन्ही पाठोपाठ लावून ऐका एकदा, मी शंभर वेळा ऐकलं असेल. ज्याच्यावरून ते गाणं सुचलं तो क्रेझी हॉर्सचा गिटारवाला डॅनी व्हिटन दोन्ही वेळा जिवंत होता, गेला तो नोव्हेंबर १९७२ मध्ये. आणि 'काउगर्ल'च्या मूळ रेकॉर्डवर दुसरी गिटार त्याचीच. म्हणजे जो ठेका मी महिनाभर एका हातात कोंबायचा प्रयत्न करतोय तो मुळात दोन माणसांचा होता. हे कळल्यावर मी तो ट्रॅक परत लावला आणि त्या दिवशी काही वाजवलं नाही.

पुढच्या महिन्यात 'ओल्ड मॅन' घेतोय. तेराच्या सेटवर हातोड्यासारखी बोटं मारणं झेपत नाहीये, तर ज्यांनी दोन गिटार दोन ट्युनिंगला ठेवल्यात त्यांनी चांगलीला कुठला सेट लावलाय ते सांगा, मी अकराचा लावायच्या विचारात आहे पण त्यात खर्ज पातळ होईल अशी भीती वाटते.