नागपुरात कमी पैशात गेमिंग पीसी जुळवताना

आधी मॉनिटर ठरवा. 1080पी (1920×1080 पिक्सेल) खेळायचं असेल तर बजेटचा मोठा वाटा, साधारण 35-40 टक्के, ग्राफिक्स कार्डाला द्या. आरएक्स 6600 (8 जीबी) हे कार्ड जेमतेम 132 वॉट घेतं, एका 8-पिन केबलवर चालतं. सोबत रायझन 5 5600 प्रोसेसर आणि बी450 किंवा बी550 मदरबोर्ड. बी450 घेताना बायोस (बोर्डातलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट केलेला आहे का, हे दुकानातच विचारा. जुन्या बायोसवर हा प्रोसेसर सुरूच होत नाही. स्वस्त म्हणून 5600जी घेऊ नका. त्याचा कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) 5600च्या निम्मा, 16 एमबी, आणि वेगळं कार्ड लावल्यावर पीसीआयई 3.0 या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीवरच अडकतो.

रॅम 8 जीबीच्या दोन काड्या, 3200 वेगाच्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) सुरू केलं नाही तर ती बहुधा 2400 किंवा 2666वरच चालते, आणि लोक मग कार्डाला शिव्या देतात.

एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणारा डबा) काटकसर नको. सीताबर्डीत कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणारा तर नकोच. 550 वॉटचा, 80 प्लस ब्राँझ (वीज-कार्यक्षमतेचा दर्जा) घ्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या घरात. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचंच हवं, समोर दोन पंखे, मागे एक. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका: ओल आणि धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांत चिखल बसतो.

एचडीएमआय कार्डात लावा. 5600ला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, बोर्डाच्या पोर्टवर स्क्रीन काळीच राहील.